किल्ली कुणाकडे ठेवशील?

बयो, परवा फोनवर तू इतकी चिडली होतीस की मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. घरपोच टपाल बंद होणार, कोपऱ्यावर पेटी बसणार, सासूबाईंचे गुडघे हे असे, आणि वर "कर कशासाठी भरतो गं आपण?" तू बोलून मोकळी झालीस. मला मात्र रात्री बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्या रागातलं बरंचसं खरं होतं, पण ज्याची काळजी करायला हवी ते तुझ्या बोलण्यात आलंच नव्हतं. ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या कनाटामध्ये हे २०१४ सालीच होऊन गेलंय. तू तेव्हा डोंबिवलीत कॉलेजात होतीस. २०१३च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, कॅनडा पोस्टने जाहीर केलं की पाच वर्षांत सुमारे ५० लाख घरांचं दारात येणारं टपाल थांबवून सामायिक पेट्या बसवायच्या. पहिल्या ज्या अकरा ठिकाणांची यादी आली त्यात ओटावाचं हे आमचं उपनगर होतं, तुमच्या बाजूचं ओकव्हिल होतं, कॅल्गरी-विनिपेगचे काही भाग होते. नव्या वसाहतींना यात नवल वाटलं नाही. १९८०च्या दशकापासून जी सबडिव्हिजन उभी राहिली, तिथे पहिल्या दिवसापासून पेटीच आहे. मिल्टनच्या किंवा ब्रॅम्प्टनच्या नव्या भागातल्या मैत्रिणीला विचार, दाराशी पोस्टमन कसा दिसतो ते तिच्या मुलांना माहीतही नसेल. स्कारबरोचं तुमचं घर पन्नासच्या दशकातलं, बुटकं, विटांचं. दारालगत भिंतीवर पत्र्याची पेटी. असल्या जुन्या गल्ल्यांमध्येच पोस्टमन अजून पायऱ्या चढून येतो.

मग तो बेत मध्येच थांबला कसा, असं तू विचारशील. लोक खवळले होते गं. मॉन्ट्रियलचे तेव्हाचे महापौर देनी कोदेर यांनी तर २०१५च्या ऑगस्टमध्ये हातात जॅकहॅमर घेऊन पेटीसाठी ओतलेला काँक्रीटचा ओटा स्वतः फोडला होता. हॅमिल्टन शहराने पेट्यांवर नियम घालायचा प्रयत्न केला, तो न्यायालयात टिकला नाही. त्याच वर्षी निवडणूक झाली, सरकार बदललं आणि ऑक्टोबरअखेर काम थांबलं. तोवर आठ लाखांवर पत्ते पेट्यांकडे गेले होते. ते परत दारावर आले नाहीत. आमचेही नाहीत.

आणि आता २५ सप्टेंबर २०२५ला मंत्री जोएल लाइटबाउंड यांनी या कामावरची बंदी उठवली. ज्या सुमारे ४० लाख पत्त्यांवर अजून दारात टपाल येतं, त्यांचीही पाळी येणार. एका दिवसात नाही. याला वर्षं लागतील, आणि तुमच्या गल्लीचा नंबर कधी लागेल ते मला सांगता यायचं नाही. पण लागेल, असं धरून चाल.

कराचं म्हणशील तर एक दुरुस्ती करते. इथलं पोस्ट सरकारी मालकीचं असलं तरी करावर नव्हे, तिकिटांच्या आणि पार्सलांच्या कमाईवर चालावं अशी त्याची रचना आहे. ती कमाईच आटली. वीस वर्षांपूर्वी वर्षाला साडेपाच अब्ज पत्रं वाटली जायची, आता दोन अब्जांच्या आसपास. २०१८पासूनचा तोटा पाच अब्ज डॉलरच्या वर गेलाय. २०२५च्या सुरुवातीला सरकारला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उसनी द्यावी लागली. घरोघरी जाणं बंद केल्याने वर्षाला ४० कोटी डॉलरच्या जवळपास वाचतील असा त्यांचा हिशेब आहे. पोस्टमन लोकांच्या युनियनला तो मान्य नाही, आणि ज्यांच्या पोटावर येतंय त्यांनी विरोध करायचा नाही तर कुणी करायचा? तरी आकडे पाहिल्यावर मी स्वतः असं मानते की पेटी येणं आता टळणार नाही. पेटी दूर आहे याचंही मला फारसं वाटत नाही. आमची दीडशे पावलांवर आहे. त्या दीडशे पावलांच्या टोकाला कोण पोचू शकतं आणि कोण नाही, याचं मला वाटतं.

आपल्याला पेट्या नव्या नाहीत. डोंबिवलीच्या आपल्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली पत्र्याच्या पेट्यांची रांग होती, आठव. पण त्या पेट्यांना कुलूप असून नसल्यासारखं होतं. वर फट होती, फटीतून आंतर्देशीय दिसायचं, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू वर येता येता सांगून जायच्या, "तुमच्या पेटीत काहीतरी आलंय हो." आजीची मनिऑर्डर तर पोस्टमन वर येऊन तिच्या हातातच द्यायचा, अंगठ्याऐवजी ती सही करते याचं कौतुक करायचा आणि दिवाळीला हक्काने पोस्त मागायचा. पत्र कुणाचंही असो, ते आलंय हे चार जणांना कळायचं.

इथली पेटी तशी नसते. रस्त्याच्या कडेला उभं धातूचं कपाट, त्यात गल्लीतल्या घरांचे लहान कप्पे, खाली पार्सलांचे मोठे. प्रत्येक कप्प्याला पक्कं कुलूप. दाराच्या फटीतून आत पडलेलं पत्र घरातल्या सगळ्यांच्या नजरेस पडतं. कुलपातलं पत्र ज्याच्याकडे किल्ली त्याचं. म्हणून तुला पहिली गोष्ट हीच विचारते: तुमच्याकडे किल्ली कुणाकडे राहणार?

हसू नकोस. मंडळाच्या हळदीकुंकवाला एक मुलगी यायची, नाव सांगणार नाही. नवरा कामावरून येताना गाडीतूनच पेटी उघडायचा, किल्ली त्याच्या गाडीच्या जुडग्यात. तो काही वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. टपाल आणायचा, ढिगात टाकायचा, त्याला महत्त्वाची वाटतील तेवढी पाकिटं उघडायचा. हिची पत्रं त्यात राहून जायची. इथे मुलांच्या भत्त्याची, म्हणजे चाइल्ड बेनिफिटची, पत्रं बहुधा आईच्याच नावाने येतात. मुलं तुमच्याकडे राहतात याचा पुरावा पाठवा, असं कर खात्याचं पत्र तिला आलं होतं. उत्तराची मुदत टळली आणि पैसे थांबले, तेव्हा कुठे तिला कळलं की असं पत्र आलं होतं. पुढे कागद पाठवून ते मिळाले, पण मधले महिने तिने कसे काढले ते माझ्याशेजारी बसून रडत सांगितलं. त्या दिवसापासून मी नव्याने आलेल्या प्रत्येक मुलीला सांगते, घराची किल्ली जशी तुझ्याकडे वेगळी असते तशी पेटीचीही असू दे. तुझं हेल्थ कार्ड, पीआर कार्ड, लायसन, बँकेचं कार्ड, कर खात्याचं पत्र, सगळं टपालानेच येतं. तुझ्या नावाचं पाकीट पहिल्यांदा तुझ्या हातात पडलं पाहिजे. यात अविश्वासाचा प्रश्नच नाही. तुझा नवरा चांगलाच आहे, तो हो म्हणेल. जादा किल्लीला थोडं शुल्क पडलं तरी पडू दे, करून घे.

आणि सासूबाईंचं. त्या रोज साडेअकराला खिडकीशी बसतात म्हणालीस. पोस्टमन आला की दार उघडून दोन शब्द बोलतात, इंग्रजी येत नसताना. तो "नमस्ते" म्हणायला शिकलाय म्हणे. हे ऐकून मला आमच्या समोरच्या बाईंची आठवण झाली आणि त्याच रात्री झोप उडाली.

आमच्याकडे पेटी बसली २०१४च्या शरदात. समोर एक विधवा बाई राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. पोस्टमनशी त्यांचं तुझ्या सासूबाईंसारखंच होतं. पानगळ संपून बर्फ पडला. जानेवारीत संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मी त्यांच्याकडे गेले, दरवर्षी जायची. दार उघडायला फार वेळ लागला. घोटा सुजून निळा झालेला. नाताळाआधी पेटीकडे जाताना घसरल्या होत्या. तेव्हापासून टपाल आणलेलंच नव्हतं. मुलगा व्हॅन्कूव्हरला, त्याला काळजी नको म्हणून सांगितलेलं नाही. त्यांनी मला किल्ली दिली. कप्पा गच्च भरला होता. नाताळाची भेटकार्डं, नातवंडांची चित्रं, विजेचं बिल, आणि डोळ्यांच्या तपासणीच्या तारखेचं पत्र. तारीख आठ दिवसांपूर्वी होऊन गेली होती. ती तपासणी पुन्हा मिळायला उन्हाळा उजाडला.

बयो, त्या तीन आठवड्यांत मी रोज त्यांच्या दारावरून पेटीपर्यंत गेले होते. रोज. पोस्टमन दारात यायचा तेव्हा पत्रं साचलेली दिसली की तो बेल वाजवायचा, मी पाहिलंय. आता त्याला भरलेला कप्पा दिसतो, पण त्या घराचे पडदे उघडलेत का, पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढलाय का, हे दिसत नाही. त्याचं जे काम पगाराच्या यादीत कधी नव्हतं ते त्याच्या फेरीबरोबर गेलं, आणि ते आपल्याकडे आलंय हे मला कळायला तिळगूळ लागला. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. पुढची पाच वर्षं, त्या वृद्धाश्रमात जाईपर्यंत, त्यांची किल्ली माझ्या दाराच्या खिळ्याला होती.

त्या वेळी कॅनडा पोस्टचे प्रमुख दीपक चोप्रा होते (ते लेखक नव्हेत, हे दुसरे). संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं होतं की वडीलधारी माणसंच म्हणतात, आम्हाला निरोगी राहायचंय, चालतंफिरतं राहायचंय. मला ते फार लागलं होतं. ज्याला फिरायचं तो ऊन बघून, आपल्या सोयीने फिरतो. डोळ्यांच्या तारखेसाठी उणे वीसमध्ये काचेसारख्या बर्फावरून जाणं म्हणजे फिरणं नव्हे.

तरी त्या खात्यातच एक चांगली सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे पेटीपर्यंत जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था मागता येते. आठवड्यातून एकदा टपाल घरी आणून देतात. मदतनिसासाठी जादा किल्ली देतात. हात पोचत नसेल तर वेगळ्या उंचीचा कप्पा, पुढे सरकणारा ट्रे, दृष्टी नसलेल्यांसाठी ब्रेल खूण, असंही मिळतं. फोनवर किंवा वेबसाइटवरून अर्ज करायचा. मी समोरच्या बाईंना हे सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काही अपंग नाही." आपली माणसंही हेच म्हणतात. तुझ्या सासूबाई म्हणतील, "कशाला उगाच सरकारला त्रास?" त्यांना सांग, हा उपकार नाही. तू तरुण आहेस, तुमच्या घरचं टपाल तू आणशील, म्हणून त्यांना कदाचित ही सोय लागणारही नाही. पण तुमच्या डाव्या हाताचे ते ग्रीक आजोबा, वॉकर घेऊन चालणारे, ज्यांच्या टोमॅटोंचं तू कौतुक करत असतेस, त्यांना हे कुणी सांगितलंय का? इंग्रजी फॉर्म पाहून ते बाजूला ठेवतील. त्यांच्याशेजारी बसून भरून दे.

दुसऱ्याचं टपाल आणायचं तर माझे काही नियम आहेत. थेट हातात द्यायचं, ओट्यावर ठेवून यायचं नाही. पाकिटावर कोण पाठवणारं आहे त्यावर बोलायचं नाही, अगदी वसुलीचं पत्र दिसलं तरी. उघडून वाचायला त्यांनीच सांगितलं तरच वाचायचं. वार ठरवून घ्यायचे, आणि बाहेरगावी जाणार असू तर आधी सांगून किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यायची. समोरच्या बाईंकडे मी सोमवार, बुधवार, शुक्रवार जायची. मंगळवारीही त्या खिडकीत दिसायच्या, मग तेव्हाही जायची.

बाकी गोष्टी तुला चार दिवसांत सरावाने येतील, पण थंडीचं सांगून ठेवते. पाऊस पडून गोठला की कुलूप धरतं. गरम पाणी ओतू नकोस, ते तिथेच गोठतं आणि दुप्पट त्रास होतो. हार्डवेअरच्या दुकानात कुलूप मोकळं करायचा छोटा स्प्रे मिळतो, तो कोटाच्या आतल्या खिशात ठेव, गाडीत नको, तिथे तोही गारठतो. किल्ली जोराने फिरवू नकोस, वाकते. पेटीसमोरचा बर्फ काढायची जबाबदारी पोस्टाची असते, काढला नसेल तर फोन करून तक्रार कर, त्यात संकोच नको. बुटांना खाली लावायचे काटेरी पट्टे सासूबाईंसाठी आजच आण, पेटी येवो न येवो.

टपाल रोज आण. हे मी माझ्या चुकीवरून सांगतेय. पुढे एका वर्षी "आठवड्यातून एकदा जाऊ, सगळी जाहिरातीचीच पत्रकं असतात" असं म्हणून मी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मुदतीनंतर हातात घेतलं आणि दंड भरला. पण दंडापेक्षा मोठी भीती चोरीची. ब्रिटिश कोलंबियात तर पेट्या फोडायचे प्रकार फार झाले. चोराला पत्रं नको असतात, कार्डं आणि नाव-पत्ता-जन्मतारीख हवी असते. नवं बँक कार्ड किंवा पीआर कार्ड यायचं असेल त्या दिवसांत रात्रभर ते पेटीत राहू देऊ नकोस. टपाल चोरणं हा फौजदारी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून पेटी फोडलेली दिसली तर पोस्टाला आणि पोलिसांना, दोघांनाही कळव. गावाला जाताना टपाल थांबवून ठेवायची सशुल्क सोय आहे, सहा आठवडे पुण्याला गेलीस तर ती घे. मोठ्या कप्प्यात पार्सल असलं की तुमच्या कप्प्यात त्याची किल्ली ठेवलेली असते. पार्सल घेतल्यावर ती तिथेच परत द्यायची, घरी न्यायची नाही. जाहिरातींची पत्रकं नको असतील तर तसं लिहिलेली चिठ्ठी कप्प्यात आतून चिकटव.

आणखी एक. पेटी कुठे बसवायची हे ठरण्याआधी आमच्याकडे प्रश्नावली आली होती. निम्म्या गल्लीने ती कचऱ्यात टाकली, आणि मग पेटी उताराच्या टोकाला बसली. दरवर्षी तिथे कुणीतरी पडतं. तुमच्याकडे काही कागद आला तर तो भर, आणि भरताना तुझा विचार करू नकोस, तुझे पाय धड आहेत. वॉकर कुठून जाईल, दिवा कुठे आहे, बर्फ ढकलणारी गाडी ढीग कुठे रचते, ते बघ आणि लिही. गल्लीतल्या पाच घरांनी एकसारखं लिहिलं तर त्याला वजन येतं. नगरपालिकेच्या तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयातही फोन कर.

पेटीपाशी शेजारीपाजारी भेटतील, ओळखी वाढतील, असंही तेव्हा सांगितलं जायचं. माझा अनुभव तसा नाही. लोक गाडी चालू ठेवून उतरतात, कप्पा उघडतात आणि जातात. ओळख झाली ती मी चालत जायला लागल्यावर, दुसऱ्याची पत्रं हातात घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेल्यावर.

तुझ्या सासूबाईंना एक सांग माझ्याकडून. पोस्टमन दारात यायचा बंद होईपर्यंत त्यांनी त्याच्याशी रोज बोलावं. दिवाळीला त्याला फराळाचा डबा द्यावा, पोस्त म्हणूनच. आणि नंतर, हवा बरी असेल त्या दिवशी, तू त्यांचा हात धरून त्यांना पेटीपर्यंत ने. त्यांच्या नावाचं पत्र आलं असेल तर कप्पा त्यांना उघडू दे. मी पुढच्या आठवड्यापासून त्यांना दर महिन्याला एक पत्र टाकणार आहे, कागदावर, मराठीत.

शनिवारी मी फोन करीन. शेजारच्या आजोबांकडे जाऊन आलीस का, ते मला सगळ्यात आधी सांग.